विचारल्याशिवाय डबा ठेवू नये

आमच्या भिशीत मागच्या महिन्यात एकीनं सगळ्यांसमोर विचारलं, "अहो, तुमच्या यजमानांची चुन्याची डबी म्हणे अमेरिकेच्या जंगलात सापडली. ती तिथं गेली कशी?" सगळ्याजणी हसल्या, मीही हसले. पण चहा येईपर्यंत गोष्ट पुरी झाली नाही, तेव्हा "सदरात लिहिते," असं सांगून मी सुटका करून घेतली. तर वाचकहो, ते वचन आज पुरं करते. डबीबरोबर एका खेळाची ओळख होईल, आणि 'सरकारी जागा' या शब्दाचा जो अर्थ आपण लहानपणापासून धरून चाललो आहोत, तोही जरा तपासून होईल.

आधी डबीविषयी. पितळेची, तळहातात मावणारी, झाकणावर वेलबुट्टी. शहापूरच्या बाजारातून ह्यांनी लग्नाआधी घेतलेली. तंबाखू सुटली त्यालाही वीस वर्षं झाली होती, पण डबी सुटली नाही. शेवटी शेवटी त्यात लवंगा असायच्या. 2021 साली हे गेले. लेक अमेरिकेहून आली तेव्हा नातवानं, चिन्नूनं, आजोबांची आठवण म्हणून तेवढी एक वस्तू मागून घेतली. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.

लेक धारवाडच्या कानडी घरात दिलेली. जावई आणि ती ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहराजवळ राहतात. चिन्नू मला 'आजी' म्हणतो आणि धारवाडच्या विहीणबाईंना 'अज्जी'. एका काण्याचा तेवढा फरक, पण हाक मारली की कोणी वळायचं हे आम्हां दोघींना बरोबर कळतं. 2023 च्या उन्हाळ्यात आम्ही दोघी विहिणी एकदमच तिकडे गेलो होतो. पहिल्याच रविवारी चिन्नू म्हणाला, "चला, आज जिओकॅशिंगला जाऊ." विहीणबाईंना त्यातला 'कॅश' तेवढा ऐकू आला. पर्स घेऊन त्या पहिल्या तयार!

हा कॅश म्हणजे रोकड नव्हे. लपवून ठेवलेला साठा. खेळ असा : एकानं घट्ट झाकणाचा डबा कुठंतरी लपवायचा, त्यात एक वही आणि चार किरकोळ वस्तू ठेवायच्या, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर करायचे. दुसऱ्यानं ते आकडे यंत्रात किंवा मोबाईलमध्ये घालून डबा शोधायचा, वहीत नाव-तारीख लिहायची, एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची आणि डबा होता तसा लपवून परत यायचं. आपल्या लहानपणीच्या लपंडावाला उपग्रहाची जोड दिली, की झालं जिओकॅशिंग.

याचा जन्म चिन्नूच्या गावाजवळचाच. जीपीएसचे उपग्रह अमेरिकेच्या सैन्याचे, सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे. सामान्य लोकांना मिळणाऱ्या खुणेत पूर्वी मुद्दाम चूक घातलेली असे. शंभर मीटरपर्यंत फसगत व्हायची. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं 2 मे 2000 रोजी ती चूक काढून टाकण्यात आली. दुसऱ्याच दिवशी, 3 मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक इथं रस्त्याकडेच्या झाडीत एक काळी बादली ठेवली आणि आकडे जाहीर केले. तीन दिवसांत माइक टीग यांनी ती शोधलीसुद्धा. त्याच महिन्याअखेर 'जिओकॅशिंग' हे नाव पडलं, आणि सप्टेंबरात त्याची मोठी नोंदवही इंटरनेटवर सुरू झाली. आज जगभर असे लाखो डबे आहेत. मूळ बादलीच्या जागी आता एक पाटी आहे. चिन्नूनं आम्हां दोघींना तिथं उभं करून फोटो काढला. विहीणबाई म्हणाल्या, "बादली बघायला सोळा तास विमानात बसले!"

गंमत इथपर्यंत. गडबड पुढच्या आठवड्यात झाली.

आम्ही जाण्याआधी दोन महिने चिन्नूनं आणि जावयांनी स्वतःचा एक डबा ठेवला होता. घरापासून जवळच एक मोठं सार्वजनिक उद्यान आहे. उद्यान म्हणजे आपल्याकडची कारंजं-घसरगुंडीची बाग नव्हे, चांगलं गर्द रान. तिथं एका आडव्या पडलेल्या जुन्या झाडाखाली त्यांनी डबा सरकवला. आणि चिन्नूनं, कोणालाही न विचारता, त्यात आजोबांची डबी ठेवली. "ही घेऊन जायची नाही, फक्त बघायची," अशी चिठ्ठी लावून. आपले आजोबा इथं रानात राहतील, लोक त्यांना भेटायला येतील, असं त्याच्या मनात. मी हे ऐकलं तेव्हा राग गिळला, कारण बोलायला शब्दच नव्हते. एवढी एक वस्तू, ती पोरानं रानात ठेवली होती. पण ज्या कारणानं ठेवली होती, त्यावर रागावणार कसं?

आम्ही डबा बघायला गेलो, तर झाडाखाली काहीच नाही. चिन्नूनं गुडघ्यावर बसून हातानं पाला उकरला. दोनदा, तीनदा. मग तो रडू लागला. मी त्याला जवळ घेतलं खरं, पण माझेही डोळे कोरडे नव्हते. आम्हांला वाटलं, चोरीच झाली.

चोरी झाली नव्हती. उद्यानाच्या माणसांनी डबा उचलून नेला होता. जावयांनी फोन केल्यावर कळलं, की डबा कार्यालयात बेवारस मालात जमा आहे, येऊन घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचहीजण गेलो. तिथल्या अधिकारी बाई वयानं माझ्या लेकीएवढ्या. डबा टेबलावर होता, डबी आत जशीच्या तशी. बाईंनी जावयांना पहिला प्रश्न विचारला, "इथं डबा ठेवायला कोणाची परवानगी घेतली होती?" जावई म्हणाले, "सार्वजनिक जागा आहे म्हणून... " आणि पुढं थांबले. डबा नोंदवताना नियम पाळले आहेत, जागेच्या मालकाची संमती आहे, अशा अर्थाची एक कबुली द्यावी लागते. आपण सगळे देतो तशी ती त्यांनी न वाचताच दिली होती. नोंदवहीचे स्वयंसेवक घरी बसून नकाशा तपासतात, दोन डब्यांतलं अंतर बघतात. पण तुमच्या संमतीचा कागद त्यांना दिसत नाही. तिथं तुमच्या शब्दावर विश्वास असतो.

विहीणबाईंना इंग्रजी बेताचं. त्यांना लेकीनं सगळं कानात सांगितलं. त्यावर त्या चिन्नूकडे वळून एवढंच म्हणाल्या, "केळदे इडबारदु." न विचारता ठेवू नये. दुसऱ्याचं न विचारता घेऊ नये, हे आपण पोरांना शिकवतो. न विचारता ठेवूही नये, हे मला तरी कोणी शिकवलं नव्हतं.

मग त्या अधिकारी बाई आम्हांला पुन्हा त्या झाडापाशी घेऊन गेल्या. त्यांनी दाखवलं ते मी विसरणार नाही. मुख्य पायवाटेपासून त्या झाडापर्यंत एक नवी वाट पडली होती. दोन महिन्यांत पंचवीस-तीस माणसं आली असतील, पण तेवढ्यानं नेचे तुडवले गेले होते, लाकडावरचं शेवाळ हातांनी खरवडलं गेलं होतं. त्या ओल्या लाकडाखाली सॅलमँडर राहतात, पालीसारखे दिसणारे, बेडकांच्या नात्यातले जीव. प्रत्येक शोधणारा लाकूड हलवून बघत होता. बाई म्हणाल्या त्याचा अर्थ असा, की तुम्ही एक डबा ठेवलात असं तुम्हांला वाटतं. खरं म्हणजे तुम्ही तिथं एक रस्ता ठेवलात.

त्यांनी डबा परत दिला, आणि वर एक अर्जही दिला. कुठं ठेवणार, किती दिवसांसाठी, देखभाल कोण करणार, बंद करायचा झाला तर उचलणार कोण, एवढंच त्यात होतं. पायवाटेला लागून तीन जागा त्यांनीच सुचवल्या. खेळ बंद करायला त्या बसल्या नव्हत्या. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी हो म्हणाल्या असत्या.

डबी मात्र मी माझ्या पर्समध्ये घातली. चिन्नूनं माझ्याकडे बघितलं, पण तोही काही बोलला नाही.

पुढं महिनाभर मी जावयांबरोबर बसून हे नियम वाचले. मास्तरकीची सवय, दुसरं काय! तिकडे 'सरकारी जमीन' अशी एकच वस्तू नाही, हे त्यातून समजलं. राष्ट्रीय उद्यानांत सगळ्यांत कडक. तिथल्या नियमानं कुठलीही वस्तू चोवीस तासांहून जास्त वेळ बेवारस सोडता येत नाही, आणि उद्यानाच्या प्रमुखाच्या मंजुरीशिवाय डबा ठेवता येत नाही. वन्यजीवांसाठी राखलेल्या आश्रयस्थानांतही बहुतेक नाहीच. राष्ट्रीय वनांत त्या त्या वनाच्या कार्यालयाला विचारायचं. पश्चिमेकडे भूव्यवस्थापन खात्याच्या ज्या अफाट मोकळ्या जमिनी आहेत, तिथं साध्या खेळाला सहसा परवाना लागत नाही. पण त्यातही रानटी अवस्थेत राखलेले भाग, पुरातन अवशेषांच्या जागा आणि दुर्मीळ जीवांची वस्ती वगळूनच. राज्यांच्या उद्यानांत प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी; कुठं अर्ज, कुठं ठरावीक मुदतीचा परवाना.

शिवाय खेळाचे स्वतःचे नियम आहेत. डबा पुरायचा नाही. ठेवण्यासाठी किंवा काढण्यासाठी जमीन खणावी लागता कामा नये. दोन डब्यांत निदान 161 मीटर अंतर हवं. खाण्याचे पदार्थ नाहीत, कारण वासानं जनावरं येतात. दारू, शस्त्र, फटाके नाहीत. शाळा, लष्करी ठाणी, रेल्वेमार्ग यांच्या जवळ नाही. आणि ज्यानं ठेवला त्यानंच देखभाल करायची. सुट्टीत फिरायला गेलो, ठेवून आलो, हे चालत नाही.

हे नियम कोणी एका दिवसात बसून केले नाहीत. ठेच लागत गेली तसे ते होत गेले. 2005 साली साउथ कॅरोलिना राज्यात कबरस्तानं आणि ऐतिहासिक जागांत परवानगीशिवाय हा खेळ खेळणं गुन्हा ठरवणारं विधेयक आलं होतं. लोकांच्या पूर्वजांच्या थडग्यांजवळ अनोळखी माणसं काहीतरी चाचपडत फिरतात, ही तक्रार होती. एका सभागृहात ते मंजूर झालं, दुसऱ्यात अडकलं आणि कायदा काही झाला नाही. पण खेळणाऱ्यांना इशारा मिळाला. 2011 च्या जुलैत इंग्लंडमध्ये वेदरबी गावात एका उपाहारगृहाबाहेर डबा ठेवणाऱ्या माणसाच्या हालचाली कोणाला तरी संशयास्पद वाटल्या. रस्ता रिकामा केला, सैन्याचं बॉम्बपथक आलं आणि तो डबा स्फोटानं उडवण्यात आला. आत होती ती वही आणि किरकोळ वस्तू! त्यानंतर तिथं गावात ठेवायच्या डब्यांचे नियम आवळले गेले. इंग्लंडातलाच आणखी एक नियम मला फार पटला : नुसते दगड रचून केलेल्या जुन्या भिंतींत डबा लपवायचा नाही. शोधणारा एक दगड काढतो, दुसरा काढतो, आणि दोनशे वर्षं उभी असलेली भिंत एका मोसमात ढासळते.

हे वाचताना मला आपले गडकोट दिसू लागले. असो.

आता आपल्याकडची बाजू. 2024 च्या डिसेंबरात चिन्नू आई-बाबांसह बेळगावला येणार होता. फोनवर त्यानं आधीच जाहीर केलं, "आजी, या वेळी आपण बेलगामला डबा ठेवायचा." आणि त्याच आठवड्यात बातमी वाचली, की दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन बाईंना अडवून ठेवलं, त्यांच्याकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र होतं. डोंगरात फिरणाऱ्या माणसाला तिकडे ते सर्रास लागतं. आपल्याकडे ते परवान्याशिवाय बाळगता येत नाही. आमचीही मंडळी गोव्यालाच उतरून चोर्ल्याच्या घाटानं वर येणार होती. मी तातडीनं लेकीला फोन केला. जावयांच्या पाठपिशवीत नेमकं तसंच यंत्र कायमचं अडकवलेलं असतं! ते घरी राहिलं. ज्यांची मुलं, नातवंडं परदेशात आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं : उपग्रहावर बोलणारं किंवा संदेश पाठवणारं यंत्र सामानात नको. जागा शोधायला साधा मोबाईल पुरतो.

आल्या आल्या चिन्नूनं नकाशावर तीन ठिकाणं दाखवली. पहिलं आपला बेळगावचा किल्ला. मी त्याला कमलबस्ती दाखवायला नेलंच. 1204 सालातलं, रट्टांच्या काळातलं ते देऊळ. आठशे वर्षं उलटली तरी छतातलं कमळ बघताना मान दुखेपर्यंत खाली घ्यावीशी वाटत नाही. पण हे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक. अशा स्मारकाची नासधूस, फेरफार किंवा विद्रूपीकरण केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद 1958 च्या कायद्यात 2010 च्या दुरुस्तीनंतर आहे. "मी कुठं काय तोडणार आहे?" चिन्नू म्हणाला. मी म्हटलं, "तू नाही तोडणार. शोधायला येणारा दहावा माणूस दगड हलवून बघेल." सॅलमँडरचं लाकूड त्याला आठवलं असावं, तो पुढं काही बोलला नाही. शिवाय किल्ल्यात आणि कॅम्पात लष्कराची वस्ती. भिंतीच्या सांदीत काहीतरी सरकवणारा मुलगा बघून जवानानं काय समजावं? रेल्वे स्टेशनवर तीन भाषांतून "बेवारस वस्तूला हात लावू नका" ऐकत आपण मोठे झालो. ज्या देशात ही घोषणा रोज होते, तिथं लपवलेला डबा हा आधी भीतीचा विषय आहे, खेळाचा नंतर.

दुसरं ठिकाण भीमगड. खानापूरचं हे रान 2011 साली अभयारण्य झालं. तिथल्या बारापेडे गुहांत राउटनचं वटवाघूळ राहतं, जगात फार थोड्या ठिकाणी सापडलेलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अभयारण्यात शिरायलाच परवानगी लागते. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशी कारणं त्यात मोजून दिली आहेत. डबा लपवणं त्यात कुठंच नाही. आणि आत कचरा टाकायला तर स्पष्ट मनाई आहे. आपण ज्याला खजिना म्हणतो, ते वनरक्षकाच्या लेखी प्लॅस्टिकच.

तिसरं ठिकाण कुठलंही जुनं देऊळ. हे ऐकून विहीणबाई, ज्या धारवाडहून मुद्दाम आल्या होत्या, एकदम ताठ बसल्या. 2019 च्या जुलैत हंपीजवळ आनेगुंदीला नवबृंदावनात काय झालं, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. निधीच्या लोभानं चोरट्यांनी व्यासराजांचं वृंदावन रात्रीत फोडलं. भक्तांनी ते लगेच पुन्हा उभं केलं, माणसंही पकडली गेली; पण त्या दिवशी विहीणबाईंच्या घरी चूल पेटली नव्हती. 'निधी' हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत सारखाच, आणि दोन्हीकडे त्याच्यामागे कुदळ येते. किती वीरगळ, किती नागशिल्पं, किती ओसाड देवळांचे गाभारे या निधीपायी उकरले गेले! इंग्रजांच्या 1878 च्या कायद्यापासून जमिनीत सापडलेलं धन कलेक्टरांना कळवावं लागतं. तरी रात्रीची खणाखणी थांबत नाही. अशा मुलखात 'इथं खजिना लपवला आहे' असे आकडे जाहीर करायचे म्हणजे काय, याचा विचार ओरेगनच्या मुलानं कसा करावा? तो आपणच करायला हवा. 'पुरायचा नाही, खणायचं नाही' हा नियम तिथं सॅलमँडरसाठी आहे. इथं तो व्यासराजांसाठी आहे.

चिन्नू हिरमुसला. "म्हणजे इंडियात कुठंच नाही?" मला ते बोचलं. नियमांची यादी वाचून दाखवणं सोपं असतं. पोराच्या हातातला डबा रिकामाच राहिला तर त्या यादीचा उपयोग काय?

दोन वाटा निघाल्या. पहिली बिनडब्याची. या खेळात 'अर्थकॅश' नावाचा एक प्रकार आहे. 2004 साली ऑस्ट्रेलियात त्याची सुरुवात झाली. त्यात काही ठेवायचं नाही, काही उचलायचं नाही. एखाद्या खडकापाशी, धबधब्यापाशी जायचं आणि निरखून प्रश्नांची उत्तरं द्यायची. राष्ट्रीय उद्यानांनाही हा प्रकार मानवतो. तिथल्या लोकांना विचारायचं मात्र इथंही सुटत नाही. आम्ही गोकाकला गेलो. घटप्रभा जिथं 52 मीटर खाली उडी घेते, तिथं डिसेंबरात पाणी कमी, खडक मोकळा. चिन्नूनं थर मोजले, कुठला थर जास्त झिजला ते वहीत काढलं, आणि आम्हां दोघी आज्यांची परीक्षा घेतली. विहीणबाईंना सातपैकी पाच गुण, मला चार! नोंद वगैरे आम्ही केली नाही, घरच्या घरी खेळलो.

दुसरी वाट खानापूरची. अभयारण्याच्या बाहेर, रस्त्याला लागून आमच्या चुलत दिरांची काजूची बाग आहे. तिथं चिन्नूला मी स्वतः बोलायला लावलं. त्यानं मोडक्या मराठीत सगळं सांगितलं. भाऊजी सुपारी कातरत ऐकत होते. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. "माणसं किती येतील? फाटक लावून कोण जाईल? आणि तू गेल्यावर डब्याकडे बघणार कोण?" मी थक्क झाले. ओरेगनच्या त्या बाईंच्या अर्जातही दुसरं काय होतं? खानापूरच्या शेतकऱ्यानं तो कधी पाहिला नव्हता. ज्याची जमीन आहे, ज्याला ती राखायची आहे, त्याला हे प्रश्न आपोआप सुचतात. सरकारी जमिनीचं दुखणं एवढंच, की तिथं असं विचारणारा समोर बसलेला दिसत नाही. म्हणून आपण समजतो, की ती कोणाचीच नाही. अधिकारी बाईंचं टेबल म्हणजे भाऊजींचा ओटाच.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं चिन्नूनं दिली. तिसऱ्याला तो माझ्याकडे बघू लागला. "मी बघेन," मी म्हणाले.

स्टीलचा, घट्ट झाकणाचा डबा आणला. फाटकाजवळच्या जुन्या फणसाच्या ढोलीत, रस्त्यावरून दिसेल न दिसेल असा ठेवला. झाकणावर मराठी, कानडी आणि इंग्रजीत लिहिलं : हा खेळाचा डबा आहे, मालकाच्या संमतीनं ठेवला आहे, बघून जागेवर ठेवावा. खाली माझा फोन नंबर. भाऊजींनी खानापूरच्या पोलीस ठाण्यातही एक शब्द टाकून ठेवला. आत वही, पेन्सिल, चार गोट्या, एक भोवरा. चिन्नूनं अडखळत विचारलं, "आजी, डबी?" मी म्हटलं, "डबी घरी. त्यात लवंगा आहेत. तू आलास की देईन." तो हसला. आजोबांना भेटायला लोकांनी कुठं यायचं, हे त्यालाही आता कळलं असावं.

तेव्हापासून महिन्यातून एकदा मी खानापूरच्या बसनं जाते. पावसाळ्याआधी डबा घरी आणला. ढोलीत पाणी साठतं. दिवाळीनंतर पुन्हा ठेवला. अमेरिकेहून कोणी शोधायला आलं नाही, पुण्या-मुंबईहूनही नाही. वहीत पहिलं पान भाऊजींच्या नातवंडांनी भरलं. परवा गेले तेव्हा दुसऱ्या पानावर एक नवी ओळ होती. पेन्सिलीनं, बाळबोध कानडी अक्षरांत. नाव नव्हतं. भाऊजी म्हणाले, गुरं घेऊन जाणारा पोरगा असेल.

लिहिलं होतं : "नोडिदे. हागे इट्टे." बघितलं. तसंच ठेवलं.

मी त्याचा फोटो काढून चिन्नूला पाठवला, एक प्रत विहीणबाईंना. त्यांचं उत्तर लगेच आलं : "त्या पोराला पुढच्या वेळी भोवरा देऊन टाका."

पुढच्या महिन्यात दोन भोवरे घेऊन जाणार आहे.